तीन फूट बाय चार फूट : गिरणगावातील परिचारिका आणि सुधारणेची शंभर वर्षे

(१/२४)
सुमारे शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबई सरकारने नेमलेल्या एक स्त्री डॉक्टर गिरणी कामगारांच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर गेल्या. समोरची खोली १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद होती. तीत सहा कुटुंबे राहत होती. लहानमोठी मिळून ३० माणसे आणि सहा चुली. रात्री छताला टांगलेल्या बांबूंवर कपडे आणि गोणपाट टाकून प्रत्येक कुटुंब आपला कोपरा वेगळा करीत असे. खोलीतल्या सहापैकी तीन स्त्रियांचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी सोबतच्या नर्सला विचारले, यांच्या बाळंतपणासाठी आडोसा कुठे? नर्सने खोलीतली एक जागा दाखवली. ती होती तीन फूट बाय चार फूट.

(२/२४)
त्या डॉक्टर म्हणजे एफ. डी. बार्न्स. गिरण्यांतील स्त्री-कामगार आणि त्यांची बाळंतपणे यांवरचा त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. पुढे मुंबईच्या कामगार-इतिहासात ही खोली वारंवार उद्धृत झाली. मात्र त्या नर्सचे नाव अहवालात नाही. प्रश्न डॉक्टरांचा होता, उत्तर तिचे होते. आडोसा कुठे होतो हे तिला आधीपासून ठाऊक होते, कारण ती त्या जिन्यावरून रोज जात-येत होती.

हा धागा तिच्याविषयी आणि तिच्या वारसदारांविषयी आहे. ‘आरोग्यसेवेचा दर्जा सुधारायचा’ असे शहराने जेव्हा जेव्हा ठरवले, तेव्हा तो निर्णय जिना चढणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला कसा आला?

(३/२४)
आधी थोडी पार्श्वभूमी. फोर्टजवळचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनीच उपचार करावेत, हा त्यामागचा विचार. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या होत्या. कामा रुग्णालयाची धुरा सांभाळताना त्यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाचाही पाया घातला. परिचर्येच्या इतिहासाच्या पुस्तकांत १८९१ या वर्षासमोर बाई काशीबाई गणपत हे नाव येते. प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका, अशी त्यांची नोंद आहे. पुस्तके त्या एका ओळीवर थांबतात. परिचारिका दस्तऐवजात येते ती अशीच, एका ओळीपुरती.

(४/२४)
मग आला प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. नगरपालिकेने रुग्णांना सक्तीने हलवायला सुरुवात केली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी वस्तीची समजूत झाली होती. या प्रसंगातून शहराला एक गोष्ट कळायला हवी होती. इमारत, खाटा आणि औषध असूनही विश्वास नसेल, तर रुग्णालय हेच भीतीचे ठिकाण बनते.

(५/२४)
सरकारचे उत्तर मात्र वेगळे होते. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या सुरू झाल्या. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणजेच सुधारणा. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाटीच्या वस्त्या पाडल्या, दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. परंतु सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरे पाडली, तितकी बांधली नाहीत. घर गमावलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. नकाशावर शहर सुधारले. त्या नकाशात न दिसणारी खोली पाहायला दुसरे कुणीतरी पाठवावे लागणार होते.

(६/२४)
ते ‘कुणीतरी’ म्हणजे स्त्री आरोग्य कर्मचारी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत डॉ. जे. ए. टर्नर हे मुंबईचे आरोग्य अधिकारी होते. १९०४ मध्ये बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन स्थापन झाली आणि चाळीचाळींत स्वच्छतेची व्याख्याने होऊ लागली. याच काळात नगरपालिकेच्या परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. जन्माची नोंद झाली की बाळंतिणीला भेटायचे, नाळेची काळजी, स्तनपान आणि स्वच्छता समजावून सांगायची, बोलावणे आल्यास बाळंतपणही करायचे, असे ते काम होते. पोलीस किंवा झडतीच्या तुकड्या ज्या उंबरठ्यावर अडत, तो ही स्त्री सहज ओलांडू शकत असे. तिची उपयुक्तता प्रशासनाने ओळखली ती इथे.

(७/२४)
या परिचारिका येत कुठून? सुरुवातीला बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती समाजातून. परक्याची मलमूत्र-शुश्रूषा, रात्रपाळी आणि परपुरुषांचा वावर यांमुळे सवर्ण हिंदू कुटुंबांना हा पेशा हलका वाटे. हे चित्र हळूहळू बदलले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन उभे राहिले. गिरगावलगत गावदेवीला त्याचे काम वाढले. पुण्यात रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या सेवासदनाने विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले. घरात ओझे मानल्या गेलेल्या बाईला हातात कौशल्य आणि पगार मिळू लागला. सुधारणेचा हा अर्थ तिच्यासाठी अगदी खरा होता.

(८/२४)
आता परळ-लालबागकडे येऊ. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्री-कामगारांचा होता. वाइंडिंग आणि रिळिंग ही प्रामुख्याने त्यांची खाती. दिवसाचे दहा-अकरा तास उभ्याने काम. त्यांना कामावर घेणारी आणि काढणारी ‘नायकीण’ असे. बाळंतपणासाठी सुटी म्हणजे मजुरी बुडणे, कधी नोकरीच जाणे. त्यामुळे अनेक जणी शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जात. बाळंतपण करायला वस्तीतली सुईण येई. ती ओळखीची, आपल्याच भाषेतली आणि परवडणारी. प्रशिक्षित नर्सची स्पर्धा होती ती या सुईणीशी, आणि त्या स्पर्धेत प्रमाणपत्राला फारशी किंमत नव्हती.

(९/२४)
१९२१ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात एका भयंकर आकड्यासाठी लक्षात राहिले. त्या वर्षी शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे ६६० हून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर हे प्रमाण हजारी ८०० च्या वर होते. त्याच वर्षीच्या जनगणनेनुसार शहराची सुमारे दोन-तृतीयांश लोकसंख्या एकेका खोलीत राहत होती. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की लेबर गॅझेटमधली ती १५ बाय १२ ची खोली अपवाद वाटत नाही.

(१०/२४)
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे, कारण आकडा खरा असूनही फसवा होता. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी रत्नागिरीला किंवा घाटावर आपल्या गावी जात आणि काही आठवड्यांनी तान्हे घेऊन मुंबईला परतत. ते मूल पुढे मुंबईत दगावले, तर मृत्यू मुंबईच्या वहीत लागे. जन्म मात्र गावच्या वहीत राहिलेला असे. काही जन्म तर कुठेच नोंदले जात नसत. त्यामुळे दर फुगे. मुले मोठ्या संख्येने मरत होती यात शंका नाही, परंतु किती, हे कळण्यासाठी वही नीट भरणारे माणूस लागते. घरभेट घेणाऱ्या परिचारिकेचे काम असे दुहेरी झाले. तिने बाळ जगवायचे आणि बाळ मोजायचेही.

(११/२४)
बार्न्स यांच्या पाहणीतला आणखी एक निष्कर्ष गाजला. गिरणीतल्या स्त्रियांच्या १०० पैकी ९८ तान्ह्यांना अफू दिली जात होती. ‘बाळागोळी’ नावाने ती सहज मिळे. बाहेरच्या सभ्य समाजाने याचा अर्थ लावला, अडाणी आया! चाळीत जाणाऱ्या परिचारिकेला मात्र कारण समोरच दिसे. आई सकाळी गिरणीत गेली की संध्याकाळीच परतणार. मूल एखाद्या म्हातारीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. दूध नाही, रडणे थांबत नाही, आणि त्याच खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला. गोळीने मूल झोपते आणि आईची मजुरी वाचते. ‘गोळी देऊ नका’ असे सांगणे नर्सचे कर्तव्य होते. त्या गोळीऐवजी देण्यासारखे तिच्या पिशवीत काहीच नव्हते.

(१२/२४)
काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली. तिथे नर्स आणि आया नेमल्या. तरीही अनेक आया मूल आणून ठेवायला बिचकत. कोणत्या जातीची बाई मुलाला हात लावणार, दूध कोणाच्या हातचे, तान्ह्याला घेऊन इतके चालत यायचे कसे, असे त्यांचे प्रश्न होते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने सोय दिलेली होती आणि ती न वापरणे हा बायकांचा दोष होता. पाळणाघरातल्या नर्सला मालकाला हजेरीचा आकडा दाखवायचा होता आणि आईचा विश्वासही मिळवायचा होता. आजही कोणत्याही सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला ही ओढाताण परकी वाटणार नाही.

(१३/२४)
उपदेश पुरेसा नाही, वेळ आणि पैसा हवा, हे अखेर कायद्याने मान्य केले. मुंबई विधिमंडळात आसवले यांनी प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या समर्थनार्थ बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगितले. गिरणगाव तेव्हा मोठ्या संपात होते. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणाच्या मागेपुढे मिळून सात आठवडे, दिवसाला आठ आणे, आणि तेही मालकाने द्यायचे. आज ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ‘विश्रांती घ्या’ हा नर्सचा सल्ला पाळणे यामुळे काही जणींना प्रथमच शक्य झाले.

(१४/२४)
याच दशकात परळचा चेहरा बदलला. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि नवरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. १९२९ मध्ये शेजारी बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आले. केईएमशी जोडलेल्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीला एक अट होती, ती म्हणजे अध्यापक भारतीय असावेत. त्यामुळे हे रुग्णालय राष्ट्रीय अभिमानाचा विषय बनले. गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर आता प्रसूतीची खाट होती. पुढे मुंबई प्रांताने १९३५ मध्ये परिचारिका, प्रसविका आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा केला. प्रशिक्षित कोण आणि अप्रशिक्षित कोण, याची रेषा कागदावर उमटली. वस्तीतली सुईण त्या रेषेच्या बाहेर राहिली.

(१५/२४)
१९२० चे दशक संपता संपता शहराचा नोंदलेला अर्भकमृत्यू दर १९२१ च्या निम्म्याहून खाली आला होता. याचे श्रेय कोणाला? १९२१ हे मुळातच अपवादात्मक वाईट वर्ष होते. नोंदणी सुधारली. प्रसूतिगृहे आली. कायदा आला. गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाणही पुढे घटत गेले. एका कारणाकडे बोट दाखवणारा इतिहास इथे चुकेल. दाते, अधिकारी आणि आमदार यांची नावे पाट्यांवर आणि कार्यवृत्तांत कोरली गेली. सुईणीशी भांडण न करता तिला गरम पाण्याचे महत्त्व पटवणाऱ्या, वही भरणाऱ्या आणि रात्री जिना चढणाऱ्या स्त्रिया मात्र ‘नर्स’ या सामान्यनामात विरून गेल्या.

(१६/२४)
स्वातंत्र्यानंतर सुधारणेने नवा शब्द आणला, ‘टार्गेट’. १९६० च्या दशकात डॉ. डी. एन. पै यांच्या काळात मुंबईच्या गजबजलेल्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण आकड्याचा दबाव त्याआधीही होता आणि नंतरही राहिला. महिन्याला इतक्या ‘केसेस’ आणा, हा हुकूम उतरंडीने खाली येत परिचारिकेपाशी थांबे. ज्या बाईचे बाळंतपण तिने केले, तिलाच आता ‘केस’ म्हणून गाठायचे होते. अनेक वर्षांत कमावलेला विश्वास असा खर्ची पडला. देशपातळीवर ही उद्दिष्टे अधिकृतपणे हटवली गेली ती एप्रिल १९९६ मध्ये.

(१७/२४)
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातून गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी शहरी गरिबांच्या आरोग्याविषयी केंद्र सरकारच्या कृष्णन समितीचा अहवाल आला. झोपडपट्ट्यांत सुमारे ५०,००० लोकवस्तीमागे एक ‘हेल्थ पोस्ट’ असावी, तिथे डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एएनएम आणि वस्तीतल्याच स्त्री-स्वयंसेविका असाव्यात, अशी शिफारस तीत होती. १९८८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई आणि मद्रास येथे राबवलेल्या प्रकल्पाने या जाळ्याला बळ दिले.

(१८/२४)
हेल्थ पोस्ट म्हणजे बहुधा दोन-तीन खोल्या, लसींचा शीतपेटारा, वजनकाटा आणि रजिस्टरांचे कपाट. एएनएम सिस्टर लसीकरण पाहते. आरोग्यसेविका घरोघर फिरून गरोदर बाई, खोकल्याचा रुग्ण, चुकलेली लस यांची माहिती आणते. १९२१ ची ती चाळ-नर्स आता दोघींत विभागली गेली, सिस्टर वहीपाशी आणि सेविका जिन्यावर. यातल्या सेविकेला बराच काळ ‘स्वयंसेविका’ ठरवून पगाराऐवजी मानधन दिले गेले. तिच्या हक्कांचा लढा न्यायालयापर्यंत गेला. शहराचे सर्वेक्षण जिच्या पायांवर उभे आहे, ती कर्मचारी आहे की नाही हाच वादाचा मुद्दा होता.

(१९/२४)
याच जाळ्यात एक वेगळा प्रयोग झाला. शीव रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता, नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. महापालिकेबरोबर मिळून संस्थेने नवजात आरोग्याचा उपक्रम सहा विभागांत राबवला. दादर-धारावीचा जी-उत्तर आणि माटुंगा-वडाळ्याचा एफ-उत्तर त्यात होते. हेल्थ पोस्टवर गरोदर स्त्रियांची तपासणी व्हावी आणि प्रसूतिगृहातून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची पद्धत ठरावी, हे हेतू होते. कर्मचाऱ्यांबरोबर वापरलेली रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ‘काय चुकते?’ या प्रश्नाने सुरुवात न करता ‘तुमच्याकडे काम उत्तम झाले, तो प्रसंग सांगा. तेव्हा काय जुळून आले होते?’ असे विचारायचे. मग ते नेहमी घडावे म्हणून काय करता येईल, हे त्यांनीच ठरवायचे.

(२०/२४)
तपासणी म्हटली की मेमो, असे ज्या व्यवस्थेत समीकरण आहे, तिथे हा प्रश्न साधा नव्हता. नर्सला प्रथमच ‘ठाऊक असलेली व्यक्ती’ मानले गेले. १९२२ च्या खोलीत डॉक्टरांनी जे ओघाने केले, ते इथे पद्धत म्हणून केले गेले.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. याच उपक्रमाचा वस्तीतला भाग, म्हणजे ४८ झोपडवस्त्यांमध्ये महिला-गटांच्या परिणामाची तुलना करणारा अभ्यास, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात मृत्यूंत घट झाल्याचे त्यात आढळले नाही. शहरात रुग्णालयातील बाळंतपणे आधीच बरीच होती. संशोधकांनी निकाल लपवला नाही, जसाच्या तसा छापला. सुधारणेच्या इतिहासात असे प्रांजळ निष्कर्ष यशोगाथांइतकेच मोलाचे असतात.

(२१/२४)
आता आपल्या काळात या. २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली, २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’, २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’. केंद्राला गुण मिळतात आणि ७० टक्क्यांची पातळी ओलांडली की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळू शकते. या याद्यांत चांगले पुष्कळ आहे. हात धुण्याची सोय, जैव कचऱ्याचे वर्गीकरण, प्रसूतीच्या वेळी सोबतीणीची मुभा, रुग्णाशी सन्मानाने वागणे. तीन फूट बाय चार फुटांच्या आडोशापासून ‘प्रसूतिकक्षात पडदा असावा’ या लेखी नियमापर्यंतचा हा प्रवास कमी लेखू नये.

(२२/२४)
पण यादी कोण भरते? बहुतेक वेळा सिस्टरच. गरोदर मातांची नोंद, लसींची नोंद, क्षयरुग्णांची ‘निक्षय’वर नोंद, एकदा वहीत आणि पुन्हा पोर्टलवर. वर मूल्यांकनाची फाइल. हा अनुभव केवळ मुंबईचा नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१३ मध्ये प्राथमिक दवाखान्यांसाठी ‘आयडियल क्लिनिक’ कार्यक्रम सुरू केला. तिथल्या परिचारिकांच्या बोलण्यातही कामाला दिशा मिळाल्याचे समाधान दिसते आणि त्याच दमात अपुरे मनुष्यबळ, अपुरी जागा आणि कागदांचा ढीग यांची तक्रारही.

अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहायला शिकवले, रचना, प्रक्रिया आणि परिणाम. परिचारिका प्रक्रियेसाठी उत्तरदायी धरली जाते. रचना, म्हणजे माणसे, जागा आणि पैसा, तिच्या हातात नसते.

(२३/२४)
म्हणूनच मे २०२२ मधला महाराष्ट्रातील परिचारिकांचा संप गुणवत्तेच्या इतिहासातही नोंदवायला हवा. बाह्य कंत्राटदारामार्फत परिचारिकांची भरती करण्याला त्यांचा विरोध होता. जे.जे. आणि कामा यांसारख्या मुंबईतील शासकीय रुग्णालयांतल्या परिचारिकाही त्यात होत्या. वरवर पाहता तो नोकरीचा प्रश्न होता. पण १९२१ पासूनचा हा धागा उलगडत आणला की दिसते, प्रशिक्षित नर्सचा उपयोग झाला तो ती पुन्हा पुन्हा त्याच दारी जात राहिली म्हणून. आज आहे, उद्या नाही, अशा नेमणुकीत ओळख कशी जमणार? आणि ओळखच नसेल तर बाळागोळीची गोष्ट तिला कोण सांगणार?

(२४/२४)
शेवटी इतकेच. प्लेगच्या काळी सुधारणा हुकमाने आली, आणीबाणीत आकड्याने आली, आज गुणांकनाने येते. प्रत्येक वेळी ती अमलात आणणारी बाई तीच होती. तिला आधी विचारले गेले, असे प्रसंग मोजकेच. ते प्रसंग शोधणे आणि जपणे हे इतिहासप्रेमींचे काम आहे.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या तुमच्या घरांत एखादी निवृत्त सिस्टर असेल. आत्या, मावशी, आजी, शेजारच्या काकू. तिच्याकडे पदविका, बिल्ला, प्रशिक्षणकाळातला वसतिगृहातील फोटो असेल. तिच्याशेजारी बसा. पहिली ड्यूटी कुठे होती, रजिस्टरात काय लिहावे लागे, आणि काय लिहायला रकानाच नव्हता, हे विचारा. तिच्या परवानगीने ते नोंदवून ठेवा, आणि त्या नोंदीवर तिचे नाव अवश्य लिहा.